ससा कुठून आला ते बिलावर लिहायला लावा : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पेट शॉपच्या चेनमध्ये विकायला येणारे ससे, हॅमस्टर, गिनीपिग आणि पिंजऱ्यातले पक्षी

स.न.वि.वि.

नाव मुद्दामच घातलं नाही, खुर्चीवरची माणसं बदलत राहतात आणि हा विषय काही या सरकारचा किंवा त्या सरकारचा नाही. तुमच्या टेबलावर लंपी, बर्ड फ्लू, दुधाचे दर, चाऱ्याचा प्रश्न असं सगळं पडलेलं असताना ही बाई हॅमस्टर घेऊन मध्येच कुठे आली असं वाटणं साहजिक आहे. पण तुमच्या खात्याशिवाय या जिवांना दुसरं खातंच नाही हो. वनखातं म्हणतं हे जंगली नाहीत, महापालिका म्हणते भटके नाहीत, आणि पोलीस म्हणतात ताई, ससाच आहे ना.

मी ठाण्यात राहते. लोकांनी हौस फिटल्यावर सोडून दिलेले ससे, गिनीपिग, कधीमधी एखादा हॅमस्टर माझ्याकडे येतात. संस्था वगैरे काही नाही, एक खोली, एक बाल्कनी आणि ओळखीचे एक डॉक्टर जे कुत्र्या-मांजरांच्या गर्दीतून वेळ काढून ससा बघतात (मुंबई-ठाण्यात सशाचा डॉक्टर शोधणं हा वेगळाच पत्राचा विषय आहे). त्यामुळे दुकानातून आलेलं पिल्लू आल्यावर पहिल्या आठवड्यात काय होतं ते मला रोजच्या रोज दिसतं.

आधी लोक क्रॉफर्ड मार्केटला नाहीतर कुर्ल्याला जायचे. तिथली अवस्था काय सांगायची, पण निदान दिसायची तरी, वास यायचा, एकावर एक रचलेले पिंजरे दिसायचे, चार माणसं ओरडायची, पेपरात फोटो यायचे. आता तोच धंदा मॉलमध्ये शिरलाय. एसी, पांढरा लाइट, काचेच्या पेटीत लाकडाचा भुसा, वर गोड अक्षरात किंमत, आणि टी-शर्टवर कंपनीचं नाव घातलेला मुलगा. म्हणून लोकांना वाटतं की चेन आहे, ब्रँड आहे, म्हणजे प्राणीसुद्धा नीट ठिकाणाहून येत असतील. माझं म्हणणं एवढंच आहे की दुकान चकाचक झालं, दुकानाच्या मागे जे आहे ते होतं तिथंच आहे, आणि तिकडे बघायची जबाबदारी कुणीच घेत नाहीये.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका दुकानात संध्याकाळी सशासाठी सुकं गवत मिळतं का बघायला गेले होते (मिळालं नाही, गाजराच्या आकाराची बिस्किटं मिळाली), तेवढ्यात माल आला. माल हाच शब्द आहे तिथे. भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट, त्यावर तसलाच दुसरा पालथा घातलेला, चारी बाजूंनी सुतळी. आत मुठीत मावतील एवढे ससे, इतके चिकटून की किती आहेत ते कळेना, पाण्याच्या जागी काकडीच्या फोडी, त्याही सुकलेल्या. मागचे पाय मुतात भिजून पिवळे पडलेले आणि पोटाखालचे केस गळालेले. मुलानं सुतळी कापली, एकेक पिल्लू उचलून पेटीत ठेवलं, कोपऱ्यातली दोन उचलली, जरा हलवून बघितली आणि काही न बोलता काळ्या कॅरीबॅगेत टाकली. सवयीचं काम होतं ते. त्या मुलावर माझा राग नाही, उरलेल्यांना तो स्वतःच्या रुमालानं पुसत होता. मी विचारलं कुठून आले हे, तर म्हणे सप्लायरकडून. सप्लायर कुठला? ते नाही माहीत मॅडम, गाडी येते. मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला हेड ऑफिसला मेल करा. मेल केला, उत्तर आलं की आमच्याकडचे सर्व प्राणी जबाबदार ब्रीडरकडून (म्हणजे पैदास करणाऱ्यांकडून) घेतले जातात. कोण, कुठले, काही नाही.

आता गंमत बघा. त्याच दुकानात कुत्र्याच्या खाण्याचं पोतं घेतलं तर त्यावर बॅच नंबर असतो, बनवल्याची तारीख असते, कारखान्याचा पत्ता असतो, तक्रारीसाठी फोन नंबर असतो. उद्या त्या पोत्यात काही गडबड निघाली तर कंपनी दोन तासात सांगू शकेल की या बॅचची पोती कुठल्या कुठल्या दुकानात गेली. आणि शेजारच्या पेटीतल्या जिवंत सशाच्या बिलावर काय असतं, तर ‘रॅबिट, नग १’. जन्म कधी झाला ते नाही, कुणाकडे झाला ते नाही, किती प्रवास करून आला ते नाही, सोबत आलेले किती मेले ते नाही. म्हणजे यंत्रणा नाही असं नाही, स्कॅनर आहे, सॉफ्टवेअर आहे, सगळं आहे, फक्त ते सशासाठी वापरायचं नाही.

आणि तारखेचं एवढं का लावून धरलंय तर या जिवांमध्ये सगळा खेळ वयाचाच असतो. सशाचं पिल्लू दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतं, त्यानंतर कितीतरी दिवस त्याला आईचं दूध लागतं, पोटातले जिवाणू नीट बसायला वेळ लागतो. ते त्याआधीच तोडलं, वर ब्रेड आणि काकडी दिली, रात्रभर गाडीत हादरवलं, की पोट बिघडतं आणि बिघडलं की एक-दोन दिवसात खेळ खलास. पण गिऱ्हाइकाला छोटंसंच हवं असतं, म्हणून तीन-चार आठवड्यांचं पिल्लू ‘ड्वार्फ आहे मॅडम, एवढाच राहतो’ म्हणून खपवतात. जगलंच तर चार महिन्यात ते दोन-अडीच किलोचं होतं आणि मग माझ्यासारखीला फोन येतो की ताई, आमचा ससा फारच मोठा झालाय. हॅमस्टरचं अजून वाईट. दुकानात जो सोनेरी हॅमस्टर मिळतो तो जातीनंच एकलकोंडा, मोठा झाल्यावर दुसऱ्याला जवळ उभा करत नाही, आणि एका पेटीत आठ-दहा कोंबलेले असतात, मग सकाळी एखाद्याचा कान नाही, एखाद्याचा पाय नाही. दूध तुटायच्या वयात त्यांना जुलाब लागतात, शेपटी ओली दिसते म्हणून वेट टेल म्हणतात, त्यातून फार थोडे वाचतात. गिनीपिगला माणसासारखंच क जीवनसत्त्व बाहेरून लागतं, शरीरात तयार होत नाही, हे ते विकणाऱ्या किती जणांना माहीत असेल देव जाणे. आणि हे सगळे शिकार होणारे प्राणी, आजार शेवटपर्यंत लपवतात, त्यामुळे काचेतून बघणाऱ्याला ते ‘शांत बसलेत’ असं वाटतं. बजरीगर (पिंजऱ्यातला छोटा पोपट) पिसं फुलवून बसला की लोक म्हणतात किती क्यूट, तो आजारी असतो हो.

कायदा नाही असं म्हणायला मात्र जागा नाही. केंद्राचे २०१८ चे पेट शॉप नियम आहेत, त्यात ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर, पिंजऱ्यातले पक्षी सगळे येतात, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय धंदाच करता येत नाही, प्राणी कुठून आले आणि कुणाला विकले याची नोंद ठेवायची आहे. आणि व्याख्या तर इतकी रुंद आहे की किरकोळ, घाऊक, आठवडी बाजार, ऑनलाइन, सगळं तिच्यात बसतं. म्हणजे तो क्रेट भरून पाठवणारा सप्लायरसुद्धा यातच बसतो. कुत्र्यांच्या ब्रीडरसाठी २०१७ ला स्वतंत्र नियम झाले, सशा-हॅमस्टरच्या ब्रीडरसाठी तसे वेगळे नाहीत, म्हणून निदान हा घाऊकवाला दुवा तरी पकडायला हवा होता. पकडला का? तपासणी होते तेव्हा (होते तेव्हा!) ती दुकानाच्या पेट्यांची होते, पिंजरा केवढा, पाणी आहे का. ठीक आहे, तेही हवंच. पण दुकानात प्राणी जेमतेम काही दिवस असतो, त्याचं जे व्हायचं ते आधीच झालेलं असतं. आणि पकडलं तरी दंड काय, तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ५०. मॉलच्या पार्किंगला यापेक्षा जास्त लागतात. २०२२ मध्ये केंद्रानं दंड वाढवायचा मसुदा काढला होता, तो मसुदाच राहिला.

तुम्ही म्हणाल चेन आली की शिस्त येते. अमेरिकेत चेन कधीच्याच आहेत, तिथं काय झालं ते बघा. डिसेंबर २००९ मध्ये टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला यू.एस. ग्लोबल एक्झॉटिक्स नावाच्या घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामावर छापा पडला, २६ हजारांवर प्राणी सापडले, सरडे, कासवं, हॅमस्टर, काय नव्हतं असं नाही. तपासणाऱ्या तज्ज्ञांनी नंतर लिहून ठेवलंय की त्यातले सुमारे ८० टक्के आजारी, जखमी नाहीतर मेलेले होते. आणि कोर्टात कंपनीच्या बाजूनं काय सांगितलं गेलं, की सहा आठवड्यात ७० टक्के माल मरणं हे या धंद्यात नेहमीचंच आहे! वाचून मी दोनदा आकडा बघितला. म्हणजे दुकानात जो पोचतो तो उरलेला असतो, आणि मेलेल्यांचा खर्च किमतीत आधीच धरलेला असतो, कारण हॅमस्टरची मादी सोळा दिवसात विते, नवीन माल आणणं हे जुन्याला औषध देण्यापेक्षा स्वस्त पडतं.

प्राण्यांची दया सोडा, माणसांचं बघा म्हणणारे असतातच, तर त्यांच्यासाठी. २००५ मध्ये अमेरिकेत स्ट्रोक येऊन गेलेल्या एका व्यक्तीचे अवयव चार जणांना बसवले, चौघंही आजारी पडले आणि तिघं गेले. शोध घेतल्यावर कळलं की त्या घरात नुकताच एक हॅमस्टर आणला होता, त्याच्यामार्फत उंदरांमध्ये आढळणारा एक विषाणू आला होता. दुकानापासून मागे मागे जात त्यांनी ओहायोमधला घाऊक विक्रेता शोधून काढला. हाँगकाँगला जानेवारी २०२२ मध्ये एका पेट शॉपच्या कर्मचारी मुलीला कोविड झाला तर काही दिवसात दुकान, मग गोदाम, मग हॅमस्टर नेदरलँड्सहून आले होते इथपर्यंत माग लागला, आणि मग दोन हजारच्या आसपास हॅमस्टर मारून टाकले, जे मला अजिबात पटलेलं नाही, पण माग तरी लागला. आपल्याकडे उद्या असं काही झालं तर माग कुठपर्यंत जाईल? ‘गाडी येते मॅडम’ इथपर्यंत.

मला बंदी मागायची नाहीये, बंदी घातली की धंदा टेलिग्रामवर जातो आणि क्रेटऐवजी बुटाच्या खोक्यातून येतो. कॅलिफोर्नियानं २०१९ ला दुकानात कुत्री, मांजरं आणि ससेसुद्धा फक्त शेल्टरमधूनच (सोडून दिलेल्या प्राण्यांच्या निवाऱ्यातूनच) आणायचे असा नियम लागू केला होता, तो मला आवडतो, पण आपल्याकडे सशांचं शेल्टर म्हणजे माझी बाल्कनी, तेव्हा ते पुढचं पुढे. आत्ता जे तुमच्या सहीनं होण्यासारखं आहे तेवढंच मागते. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्राण्याच्या बिलावर जन्माची तारीख, ब्रीडरचं नाव-गाव आणि घाऊक विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक छापायला लावा, नोंदणी क्रमांक नसेल तर विक्री नाही. आलेले किती, विकलेले किती, मेलेले किती हे चेनवाल्यांनी दर महिन्याला दुकानवार द्यायचं, त्यांच्याकडे सॉफ्टवेअर आहेच, दुसऱ्या दिवशी देतील. मेलेल्यांचा आकडा खरा येणार नाही हे मलाही कळतं, पण खरेदी आणि विक्री जुळवली की तो आपोआप बाहेर पडतो, ते काम तुमच्या जिल्ह्यातला एखादा क्लार्कसुद्धा करेल. जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समित्या कागदावर सगळीकडे आहेत, त्यांना दुकानाच्या आधी गोदामात पाठवा. आणि मार्च ते जून दिवसाची वाहतूक बंद ठेवा, सशाला घाम येत नाही, कानातून जेवढी उष्णता जाईल तेवढीच, बंद टेम्पोत दुपारी दोन वाजता त्याचं काय होत असेल ते कळायला डॉक्टर लागत नाही.

जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवलेली कोंबडीची पिल्लं विकतात ना, त्यावरही खरं तर लिहायचं होतं, अंडी देणार नाहीत म्हणून हॅचरीनं काढून टाकलेले नर असतात ते, पण पत्र आधीच लांबलंय.

या सगळ्याला वेळ लागणार हे मान्य. एक गोष्ट मात्र या आठवड्यातसुद्धा होऊ शकते. राज्यात नोंदणी झालेल्या पेट शॉपची आणि घाऊक विक्रेत्यांची जिल्हावार यादी खात्याच्या वेबसाइटवर मराठीत टाका, नाव, पत्ता, नोंदणी कधी संपते, शेवटची तपासणी कधी झाली, बस. माझ्याकडे गिऱ्हाइकं रोज फोन करून विचारतात की कुठून घेऊ, मी त्यांना ती यादी पाठवीन, आणि ठाण्याच्या यादीत मॉलमधली ती चेन आहे की नाही हे मी माझं बघून घेईन.

कळावे,
आपली,
ठाण्याची एक ससेवाली