गुरुवारच्या अभ्यासगटाच्या ताईंना

प्रिय ताई,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

‘देवाशी जवळीक वाढवा’ असं व्यासपीठावरून सांगणारे पुण्यात पुष्कळ. पण नळाला पाणी आलंय, डबे भरायचेत, अशा सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, ते तुम्ही सांगितलंत. म्हणून हे जाहीर आभार. ज्यांची तुमची गाठ पडलेली नाही त्यांच्याही उपयोगी पडावी, म्हणून तुमची रीतही इथे लिहितोय.

पहिले आभार बायबल उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, वाचायला सुरुवात करू न दिल्याबद्दल. रोज तीन-चार अध्याय वाचायचं ठरवून जानेवारीत निघालेला माणूस महिन्याभरात लेवीय या तिसऱ्या पुस्तकात पोचतो, होमबलींच्या नियमांत रुततो, पुस्तक मिटतो आणि वर स्वतःलाच नालायक ठरवतो. तुम्ही मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे त्याने लिहिलेली येशूची कथा, हाती दिलंत. 16 अध्याय, दिवसाला दहा-बारा वचनं, म्हणजे दोन महिन्यांचं काम. वेळ फक्त पंधरा मिनिटं. एक प्रसंग दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा पुटपुटत. मन जिथे अडकेल त्या वाक्यावर पाच मिनिटं थांबायचं, मग त्याच वाक्यावरून देवाशी बोलायचं आणि शेवटी दोन-तीन मिनिटं काही न मागता नुसतं बसायचं. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठवासीयाने मांडलेल्या चार पायऱ्या त्या याच. ‘ही तर कॅथलिकांची रीत’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी तुम्ही वाद घातला नाहीत, पहिलं स्तोत्र उघडून ‘रात्रंदिवस मनन’ तेवढं दाखवलंत.

नुसतं बसणं सगळ्यांत अवघड. दोन मिनिटांत दुधाचं बिल आठवतं, साहेबाचा चेहरा समोर येतो. ते विचार हाकलत बसलं की वेळ हाकलण्यातच जातो. त्यापेक्षा ‘प्रभू, हे बिल’ एवढंच म्हणून वाक्याकडे परतायचं. मत्तयाच्या शुभवर्तमानात (6:6) प्रार्थनेसाठी सांगितलेली दार लावलेली खोली दोन खोल्यांत पाच माणसं राहणाऱ्यांनी कुठून आणायची? गच्ची, जिन्याची वरची पायरी, नाहीतर उपासनेच्या वीस मिनिटं आधी देवळातलं, म्हणजे चर्चमधलं, रिकामं बाकडं. मोबाइलवरचं बायबल मात्र या वेळेला नको. निरोप येतो आणि वाक्य हातचं जातं. वाचून वाचून गुळगुळीत झालेला उतारा पंडिता रमाबाईंच्या बायबलच्या मराठी भाषांतरातही वाचायचा. बाई 1922 साली गेल्या, ग्रंथ 1924 ला छापून आला. ओळखीचा उतारा तिथे थोडा वेगळा वाटतो आणि डोळा आपोआप थांबतो.

सर्वांत मोठे आभार मात्र तेराव्या स्तोत्राबद्दल. अवघी सहा वचनं. पहिल्या दोन वचनांत दावीद ‘कुठवर?’ असं चार वेळा विचारतो, आणि तेही थेट देवाला. तिसऱ्या-चौथ्यात मागणं, तेही कारणासकट: नाहीतर मी मरेन, वैरी फुशारकी मारेल. पाचव्यात भरवसा, सहाव्यात गाणं. आपली गडबड होते ती इथे. पहिली दोन वचनं गाळून आपण एकदम पाचव्यावर उडी मारतो, कारण तक्रार म्हणजे अविश्वास असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग तोंडात ‘हे परमदयाळू स्वर्गीय पित्या’ आणि पोटात राग. तुम्ही कागदावर चार ‘कुठवर’ लिहायला लावलेत, एकेका ओळीत, घरी बोलतो त्या मराठीत. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं. माउलीशी कुणी अर्जाच्या भाषेत बोलत नाही. आणि ज्याला पाचव्या वचनापर्यंत जाता येत नाही त्याला तुम्ही ढकलत नव्हता. त्याच्यासाठी अंधारातच संपणारं 88 वं स्तोत्र शास्त्रात आहेच.

वहीबद्दलही आभार. डाव्या पानावर मागणं आणि तारीख, उजव्यावर काय झालं ते. बहुतेक जण फक्त ‘मिळालं’ तेवढंच टिपतात आणि वही खोटी होते. ‘नाही’ हेही उत्तर म्हणून लिहायचं. प्रेषित पौलाने ‘शरीरातला काटा’ म्हटलेला त्रास जावा म्हणून देवाला तीनदा विनवलं आणि काटा राहिलाच (2 करिंथ 12). महिनोन्‌महिने सगळं कोरडं वाटू लागलं की तुम्ही आधी झोप विचारायचात आणि मग भाऊबंदकी. वाटणीवरून बोलणं तुटलेलं असेल तर मत्तय 5:23-24 प्रमाणे आधी भावाकडे जायचं. तरीही कोरडेपणा राहिला, तर पंधरा मिनिटं तशीच चालू ठेवायची. काही वाटलं नाही म्हणजे देव ऐकत नाही, असं धरायचं नाही.

आणि दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. हा नियम तर आम्हाला फारच आवडला.

नव्या मंडळींसाठी मार्काच्या सुट्या प्रती आणि कोऱ्या वह्या कपाटात ठेवल्या आहेत. किल्ली देवळाची देखभाल करणाऱ्या सेक्स्टनकाकांकडे आहे.

आपले,
गुरुवारच्या अभ्यासगटातले सर्व
पुणे