जुने पेट्रोल द्यायचे कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमचे दादा जाऊन दोन वर्षे झाली. गेल्या महिन्यात वहिनींबरोबर त्यांची अवजारांची खोली आवरायला घेतली, तेव्हा कोपऱ्यात पेट्रोलचे दोन कॅन निघाले. एक लोखंडी, त्यात भाच्याने चार महिन्यांपूर्वी जनरेटरसाठी आणलेले तीनेक लिटर. दुसरा प्लास्टिकचा, उन्हाने फुगलेला, बारा लिटरांचा. तो दादांनी स्वतः भरून ठेवलेला.

भंगार न्यायला आलेला माणूस म्हणाला, "गटारात ओता आणि वरून दोन बादल्या पाणी सोडा." वहिनींनाही ते पटले. "वन्सं, बारा लिटरचं काय एवढं?" मी कॅनला हात लावू दिला नाही.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे सहायक होते. आमचे सर दरवर्षी मुलांना एक प्रयोग दाखवीत. पत्र्याची पन्हळ तिरकी लावायची, खालच्या टोकाशी पेटती मेणबत्ती ठेवायची आणि वरच्या टोकाला पेट्रोलचे चार थेंब टाकलेला कापूस. वाळूची बादली घेऊन मी शेजारी उभी असे. थोडा वेळ काहीच होत नसे, मुले चुळबुळ करू लागत. मग एकाएकी खालची ज्योत पन्हळीतून सरसर वर चढे आणि कापूस भप्पकन पेटे. मेणबत्तीजवळ पेट्रोलचा थेंबही नसे. तिथवर वाफ वाहत गेलेली असे. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, म्हणून ती उडून न जाता जमिनीलगत उताराने सरकते. शून्याखाली ४० अंश सेल्सिअसलाही पेट्रोलमधून ठिणगीने पेटण्याइतकी वाफ निघते. हवेत तिचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास गेले की भडका उडायला पुरते.

गटार ही तशीच पन्हळ आहे, फक्त वरून झाकलेली. दोन बादल्या पाण्याने पेट्रोल विरत नाही. ते पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे पाण्यावर तरंगत पुढच्या चेंबरपर्यंत जाते आणि वाटभर वाफ सोडते. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी काय झाले, ते ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. गंजून भोक पडलेल्या वाहिनीतले पेट्रोल सांडपाण्याच्या नळात झिरपले, स्फोटांनी कित्येक किलोमीटर रस्ते उखडले गेले आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. गटारातून पेट्रोलचा वास येतो अशी तक्रार लोक आधीचे काही दिवस करत होते. ती गळती फार मोठी होती, आमचा कॅन बारा लिटरांचा, हे मला कळते. पण चेंबरमध्ये उतरणाऱ्या माणसासाठी बारा लिटरही पुष्कळ आहेत. त्या बंद जागेत वाफेने तो बेशुद्ध पडू शकतो, किंवा त्याच्या हातातल्या हत्याराच्या ठिणगीने होरपळू शकतो. आपण वर झाकण लावून मोकळे होतो. खाली कोण उतरणार, हा विचार आपल्या मनातही येत नाही. मला त्याचीच सर्वांत जास्त चीड येते.

मग मातीत जिरवावे, असेही एकाने सुचवले. पेट्रोलमध्ये बेन्झीन असते आणि त्याने रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम धरली आहे. पेट्रोलमध्ये ते शेकडा १ धरले, तर एका लिटरात सुमारे पावणेनऊ ग्रॅम होते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमधले बेन्झीन पावणेनऊ लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. हा हिशेब मी दोनदा करून पाहिला. पेटवून देणे आणि उघड्यावर उडू देणे हे उपाय तर मी ऐकूनही घेतले नाहीत.

कॅन उन्हातून सावलीत आणून गार होऊ दिले. नंतर तोंड लांब धरून झाकणे हळूहळू सैल केली, कारण फुगलेल्या कॅनमधून पेट्रोल अंगावर उडते. मोकळ्या अंगणात, आसपास कसलीही आग नाही हे पाहून, दोन्हीतले थोडे थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत घेतले. लोखंडी कॅनमधले स्वच्छ, फिकट, नेहमीच्या वासाचे निघाले. ते मेकॅनिकने गाळून, जवळजवळ भरलेल्या टाकीत थोडे थोडे मिसळून संपवले. प्लास्टिकच्या कॅनमधले मात्र चहाच्या रंगाचे, आंबूस वासाचे होते आणि बरणीत त्याचे दोन थर दिसले. जुन्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते. इथेनॉल मिसळलेले असेल तर ते हवेतला ओलावा ओढते आणि पाणी जास्त झाले की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो. असे पेट्रोल ताज्यात मिसळूनही इंजिनात घालू नये. मेकॅनिकने बरणी पाहताच हात आखडता घेतला, ते योग्यच केले.

राहिले हे बारा लिटर. पेट्रोल पंपावर विचारले. त्यांना ते चांगल्या मालात मिसळता येत नाही, हे मलाही मान्य आहे. अग्निशमन केंद्रातल्या गृहस्थांनी आस्थेने ऐकून घेतले, कसे ठेवायचे ते नीट समजावले, पण जमा करून घ्यायची सोय त्यांच्याकडे नाही. कचऱ्याच्या कार्यालयातून उत्तर आले, "घंटागाडीत टाका." कचरा दाबणाऱ्या यंत्राच्या गाडीत पेट्रोल! मी त्या बाईंना पुन्हा विचारले. त्यांनी तेच सांगितले.

गटारात ओतू नका, असे आपण सगळ्यांना बजावतो. मग द्यायचे कुठे, याला उत्तर नसेल तर माणूस रात्री गटाराचेच झाकण उघडणार. काही देशांत घरातला घातक कचरा, म्हणजे रंग, बॅटऱ्या, कीटकनाशके आणि जुने इंधन, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी जमा करून घेतात आणि प्रशिक्षित माणसे त्याची विल्हेवाट लावतात. आपल्या प्रशासनाने तीन महिन्यांतून एक दिवस तरी अशी सोय करावी. जागा आणि तारीख आपल्या दैनिकातून जाहीर करावी, आणि चौकशी करणाऱ्याला एकच उत्तर मिळेल असे पाहावे.

तोवर ज्यांच्या घरी असे पेट्रोल आहे त्यांना कळकळीची विनंती, ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नका. मूल चुकून प्यायले तर उलटी करवू नका. उलटीत ते फुप्फुसात जाते. तडक डॉक्टरांकडे न्या. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायची सवय असेल तर तीही याच कारणासाठी सोडा.

आमचे बारा लिटर आता इंधनासाठीच्या मजबूत धातूच्या कॅनमध्ये आहे. कॅन जमिनीवर ठेवूनच भरला आणि वर थोडी जागा रिकामी सोडली. घरापासून दूर, सावलीत, कुलपात ठेवला आहे. त्यावर ठळक अक्षरांत "जुने पेट्रोल, वापरू नये" असे लिहून खाली तारीख घातली आहे. तो कुठे आणि कधी आणून द्यायचा, एवढे संबंधितांनी कळवावे. मी स्वतः घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक