अशक्तपणाचं खापर वयावर फोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'वय झालं, आता नुसतं पडून राहा,' असं आजारी वृद्धांना घरोघरी मायेनेच सांगितलं जातं. मीही आईला तेच सांगत होते, म्हणून हे पत्र.

न्यूमोनियातून उठल्यावर आईला खुर्चीतून उभं राहता येईना. ताप गेला, छाती मोकळी झाली, पण उठायला गेली की मांड्या थरथरायच्या. तीन आठवडे ती अंथरुणावर होती. पाण्याचा पेलासुद्धा मी तिच्या हातात नेऊन देत होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझा हात आईच्या मांडीवर ठेवला आणि तिला गुडघा ताठ करायला सांगितलं. कातडीखाली टणक गोळा उठायला हवा होता. बोटांना लागलं ते सगळं मऊ, सैल.

खुर्चीतून आपल्याला उठवतो तो हाच मांडीचा पुढचा स्नायू. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून पोचला की स्नायूपेशीत कॅल्शियम सुटतं, मायोसिन या प्रथिनाचे धागे ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्यांना धरून ओढतात आणि स्नायू आकुंचन पावतो. हे ओढण्याचं काम थांबलं की नवी प्रथिनं कमी बनतात आणि स्नायू झिजत जातो. तरुणपणी ही झीज लवकर भरून निघते, उतारवयात फार वेळ लागतो. वयाचा वाटा आहेच, पण तो हिशेब वर्षानुवर्षांचा. तीन आठवड्यांत माझ्या आईचं वय वाढलं नव्हतं.

डॉक्टरांनी थायरॉईड आणि ड जीवनसत्त्व तपासलं, चालू औषधंही पाहिली. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात आणि स्टिरॉइड बरेच दिवस घेतलं तर मांड्या-दंड दुबळे होऊ शकतात, असं ते म्हणाले. आईच्या बाबतीत यातलं काहीच निघालं नाही.

मग व्यायाम सुरू झाला. उंच खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. बसताना स्नायू लांबत असतानाच भार पेलतो, त्यामुळे सवय नसलेल्याला हेच जास्त दुखतं. दुसऱ्या दिवशी आईच्या मांड्या अशा भरून आल्या की आम्ही दोघी घाबरलो. लॅक्टिक ॲसिड साचलं असेल, असं मला वाटलं. पण ते व्यायामानंतर तासा-दोन तासांत निघून जातं. हे दुखणं स्नायूच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं आणि चार-पाच दिवसांत उतरतं. आईचंही उतरलं. पहिल्या दिवशी ती दोनदा उठली, दीड महिन्याने सलग दहा वेळा.

डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे. हाड मोडलेलं असेल किंवा हालचालीची मनाई असेल तर गोष्ट वेगळी. एरवी रुग्णाला घरी सोडताना दिवसातून किती वेळा उठायचं, किती पावलं चालायचं, हेही गोळ्यांच्या वेळांसारखंच लिहून द्या. आम्हाला मिळालेल्या कागदावर औषधांच्या खाली फक्त 'विश्रांती' लिहिलेलं होतं आणि मी ते तंतोतंत पाळलं.

आपली,
एक वाचक