बडोद्याला पुराचा इशारा फुटांत द्या: मुख्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, गुजरात राज्य,
गांधीनगर

महोदय,
सादर नमस्कार.

चक्रीवादळांच्या बाबतीत गुजरातने जे करून दाखवलं, त्याचा आम्हा बडोदेकरांना अभिमान आहे. जून 1998 मध्ये कांडल्याला वादळ धडकलं तेव्हा हजाराहून अधिक माणसं गेली. मे 2021 मध्ये ताशी 160 किलोमीटरच्या वाऱ्यानिशी तौक्ते ऊन्याजवळ आलं, त्याआधी दोन लाख लोक हलवले गेले होते. जून 2023 मध्ये बिपरजॉय जखौजवळ पोचलं, तेव्हाही लाखभर माणसं आधीच सुरक्षित जागी गेली होती. हे काम सोपं नाही. पण माझं मागणं किनाऱ्यापासून आत राहणाऱ्यांसाठी आहे.

हवामान खात्याची वादळांची प्रतवारी वाऱ्याच्या वेगावर चालते. ताशी 62 किलोमीटरला चक्रीवादळ, 118 ला अतितीव्र, 222 ला सुपर सायक्लोन. घरांची छपरं, विजेचे खांब, मच्छीमारांच्या होड्या यांच्यासाठी ही मोजणी बरोबरच आहे. बडोद्याला मात्र वारा बुडवत नाही, पाणी बुडवतं, आणि पाण्याचा या प्रतवारीशी फारसा संबंध नाही.

ऑगस्ट 2024 आठवा. मध्य प्रदेश आणि राजस्थानकडून सरकत आलेली ती पावसाची प्रणाली आपल्यावर होती तेव्हा कागदावर नुसती ‘डीप डिप्रेशन’, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालचा कमी दाबाचा पट्टा होती. भिजलेल्या जमिनीवर ती विरली नाही, सौराष्ट्र-कच्छवर रेंगाळली आणि कोसळत राहिली. 30 ऑगस्टला कच्छच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरली, तेव्हा कुठे तिला ‘असना’ नाव मिळालं. 1976 नंतर ऑगस्टात अरबी समुद्रावर चक्रीवादळ झालं ते हेच. देशभर बातमी झाली ती तेव्हा. आमचं शहर त्याआधीच पाण्याखाली जाऊन आलं होतं. शहरातून वाहणारी, मगरींची विश्वामित्री नदी काळाघोडा पुलाशी धोक्याच्या रेषेच्या दहा फूट वर गेली होती.

गोकुळाष्टमीची ती रात्र आमच्या कारेलीबाग भागात कुणी विसरलेलं नाही. मोबाइलवर जिल्ह्यासाठी रेड अलर्ट आला होता. तळमजल्यावरच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, इन्सुलिन फ्रीजमध्ये. त्यांचा एकच प्रश्न होता, “पाणी घरात येईल का, आणि किती?” याचं उत्तर सोसायटीत कुणापाशीच नव्हतं. वीज गेल्यावर पोरांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं, तेव्हा पायऱ्यांवर पाणी होतं आणि बाहेरच्या पाण्यात मगर आहे की नाही हे टॉर्च मारून पाहावं लागत होतं. दुपारीच कळलं असतं तर काकू, इन्सुलिन आणि घरातली कागदपत्रं, सगळं उजेडात वर गेलं असतं.

हे उत्तर देता येण्यासारखं आहे. पावागढहून निघणारी विश्वामित्री काही अनोळखी नदी नाही. वरच्या बाजूच्या आजवा जलाशयाची पातळी रोज मोजली जाते, प्रतापपुरा तलावाचीही. काळाघोड्याला नदी किती चढली याचे आकडे फुटांत येतात आणि पावसाळ्यात अर्धं शहर ते व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवत असतं. पण 28 फूट म्हणजे समा-सावली रस्त्याच्या भागात काय, 32 फूट म्हणजे फतेगंजात आणि मुजमहुड्यात काय, हे सामान्य माणसाने कशावरून ओळखावं? प्रत्येक फुटाला कोणत्या गल्ल्यांत पाणी शिरतं याचा नकाशा करून तो प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावावा, आणि इशारा त्याच भाषेत यावा: “आज रात्री दहापर्यंत 30 फूट अपेक्षित, या भागांनी तळमजला रिकामा करावा.” आजव्यातून पाणी सोडलं की ते काळाघोड्याला साधारण किती तासांनी पोचेल, हेही त्याच संदेशात असावं. 2025 च्या उन्हाळ्यात नदीचं पात्र खोल-रुंद करण्याचं काम झालं, ते चांगलंच झालं. पण त्यामुळे जुने अंदाज आता लागू पडणार नाहीत. मोजणी नव्याने करावी लागेल.

घाई का, तेही सांगतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या अभ्यासात अरबी समुद्रातली चक्रीवादळं 1982 ते 2000 च्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात 52 टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि ती आता जास्त दिवस टिकतात. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. पुढची प्रणाली प्रतवारीत किरकोळ असेल आणि तरीही आम्हाला बुडवेल, हे अगदी शक्य आहे.

आपण राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आहात, म्हणून हे थेट आपल्याला लिहितो आहे. समा, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा इथल्या भिंतींवर 2024 च्या गाळाच्या रेघा अजून सापडतील. या नकाशासाठी त्या रंगरंगोटीत पुसल्या जाण्याआधी मोजून घेण्याचा आदेश द्यावा. संदेश गुजरातीबरोबर मराठी आणि हिंदीतही असावा. आणि तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, आजाऱ्यांची यादी वॉर्ड कार्यालयात मे महिन्यातच तयार असावी, म्हणजे पहिला फोन त्यांना जाईल.

आपला,
कारेलीबागेतील एक रहिवासी,
बडोदे