खुर्ची की ओपीडी?

प्रिय बंड्या,

तब्येत ठीक. साखर जरा वर आहे, गोळ्या चालू आहेत. आता मुद्द्याचं.

काल रात्री भाऊ सात-आठ जणांना घेऊन घरी आले. "डॉक्टर, नगराध्यक्षपदाला उभे राहा." विचार करून सांगतो म्हणालो, पण झोप उडाली ती उडालीच. ही म्हणाली, आधी बंड्याला विचारा.

डोक्यात घोळतोय उरुग्वेचा ताबारे वास्केस. तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. आई, वडील, बहीण, तिघंही कॅन्सरने गेले आणि हा कॅन्सरचाच डॉक्टर झाला. आधी माँटेव्हिडिओचा महापौर, मग २००५ साली राष्ट्राध्यक्ष. त्या खुर्चीत बसूनही त्याने पेशंट तपासणं सोडलं नाही! २००६ च्या मार्चपासून हॉटेलं, कचेऱ्या, सगळ्या बंदिस्त सार्वजनिक जागांत सिगारेट बंद. लॅटिन अमेरिकेत असं करणारा पहिला देश. पुढे पाकिटाच्या ८० टक्के भागावर इशारा आला. २०१० मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने या जेमतेम ३५ लाख वस्तीच्या देशाला आंतरराष्ट्रीय लवादात खेचलं. २०१६ मध्ये कंपनी हरली, वर उरुग्वेच्या खर्चापोटी ७० लाख डॉलर द्यायचा आदेश झाला.

परवा माझ्याकडे एक पोरगा आला. तोंडात दोन बोटंसुद्धा जात नाहीत, गालात पांढरा चट्टा. बायोप्सीला पाठवला. गुटख्यावर आपल्याकडे २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी शाळेसमोरच्या टपरीवर मिळते. ती टपरी माझ्या चिठ्ठीने उठणार आहे का रे?

पण तुझं ते गच्चीवरचं भांडण आठवतं. डॉक्टरच्या हाती सत्ता देऊ नये, त्याला उलट उत्तर ऐकायची सवय नसते, असं तू म्हणालास, मी तुझी कॉलर धरली आणि देशमुखने दोघांवर बादली ओतली. आज तुझं म्हणणं टोचतंय. २००८ मध्ये उरुग्वेच्या संसदेने गर्भपाताला परवानगी देणारा कायदा मंजूर केला, तोही वास्केसच्याच आघाडीच्या मतांवर. आणि याने नकाराधिकार वापरून तो रोखला. तो पायउतार झाल्यावर २०१२ मध्ये तसा कायदा झालाच. सिगारेट बंद करणारा हात आणि बायकांचा हक्क अडवणारा हात एकाच डॉक्टरचा! लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला मीही एक दिवस पेशंट समजायला लागलो तर? मला याचीच धास्ती आहे, पैशाची किंवा पडण्याची नाही.

२०२० मध्ये तो गेला, फुप्फुसाच्या कॅन्सरनेच.

सायलीचं ठरलं ना? तारीख कळव. आणि गुडघ्याचं ऑपरेशन आता लांबवू नकोस, वहिनींना त्रास होतो.

अर्जाची मुदत सोमवारी संपते. त्याआधी फोन कर, व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा नको. उभा राहिलो तर सभेत माझ्याविरुद्ध बोलायला तूच पाहिजेस.

तुझा,
अण्णा