सेल्फ नवा, बिघाड जुनाच: इंदूरच्या सेवा केंद्राविरुद्ध तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: निर्दोष स्टार्टर बदलून पैसे घेणे, जुना स्टार्टर परत न देणे आणि नव्या भागाची वॉरंटी नाकारणे

महोदय,

आपल्या मदत केंद्राचा फोन आत्ताच ठेवला आहे, त्यामुळे नमनाला तेल घालत नाही.

गाडी २००६ची, डिझेल, आपल्याच कंपनीची. तक्रार सोपी होती. थंड इंजिनावर सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, पहिल्याच किल्लीला लागतो. तासभर चालवून गाडी बंद केली की लगेच लागत नाही. बारीक ‘टक’ होते, कधी तेही होत नाही. अर्धा तास बॉनेट उघडे ठेवले की मुकाट लागतो. हेडलाइट लावून किल्ली फिरवली तरी उजेड तसूभर कमी होत नाही. हे सगळे जॉब कार्डवर लिहून दिले होते. ते वाचायचे असते हे सेवा केंद्राला सांगायला हवे होते, असे दिसते.

उजेड कमी होत नाही, म्हणजे मोटरकडे मोठा करंट जातच नाही. बॅटरी उतरलेली असती तर दिवे मंद पडले असते आणि सोलेनॉइडची (मोटरकडे करंट सोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचची) सलग टकटक ऐकू आली असती. मोटरचे बुश (आधाराची कडी) झिजून आर्मेचर (आतला फिरणारा भाग) घासत असता तरी दिवे मंदावले असतेच. मोटरमधले कार्बन (ब्रश) संपले असते तर ‘टक’ चांगला खणखणीत आला असता आणि बॉडीवर हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर मोटर एखाद वेळी फिरली असती. बेंडिक्स (मोटर इंजिनाला जोडणारा दातेरी भाग) घसरत असता तर मोटर नुसतीच घोंगावली असती, इंजिन जागचे हलले नसते. यातले एकही लक्षण नसताना आपल्या तंत्रज्ञाने आधी बॅटरी बदलायला सांगितले. ती स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्ट दाखवते हे मीटर लावून दाखवल्यावर त्याने मोर्चा स्टार्टरकडे वळवला आणि पूर्ण असेंब्लीच बदलली. जुना स्टार्टर परत दिला नाही.

नव्या स्टार्टरवर थोडे दिवस बरे गेले आणि मग तेच सुरू झाले. आता मोजमापे पाहा. थंड इंजिन फिरत असताना बॅटरीवर १०.४ व्होल्ट, ९.६च्या खाली जात नाही तोवर बॅटरी ठीक. त्याच वेळी बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत ०.२ व्होल्टची घट, इंजिन ब्लॉकपासून मायनसपर्यंत ०.१. म्हणजे जाड केबल आणि अर्थिंगची पट्टी दोन्ही चोख. मग इंजिन गरम असताना, सेल्फ लागत नसताना, किल्ली धरून सोलेनॉइडच्या ५० नंबरच्या टर्मिनलवर (किल्लीकडची वायर येते तिथे) मोजले: ७.६ व्होल्ट. त्या क्षणी बॅटरीवर १२ च्या वर होते. साडेचार व्होल्ट इग्निशन स्विचचे काळवंडलेले कॉन्टॅक्ट आणि त्याचा कनेक्टर खाऊन टाकत आहेत.

न्यूट्रल आणि हँडब्रेकची खात्री करून ३० नंबरवरून (बॅटरीची जाड केबल येते तिथून) ५० नंबरवर वायर टेकवली की सेल्फ गरम इंजिनावरही झटक्यात लागतो. ही चाचणी स्टार्टर उतरवण्याआधी करायची असते, आणि तिला पाच मिनिटेही लागत नाहीत.

या मॉडेलची वायरिंग तुमचीच आहे, तेव्हा तुम्हाला हे ठाऊक असणारच: सोलेनॉइडचा सगळा करंट स्विचमधून जातो, मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) नाही. आत खेचणारी कॉइल सुरुवातीला तीस-चाळीस अँपिअर मागते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. इंजिनालगतची कॉइल ६० अंशांनी तापली की तो जवळपास चोवीस टक्के जास्त. व्होल्ट आधीच कमी, त्यात कॉइल तापलेली, मग सोलेनॉइडचा प्लंजर (आतला सरकता दांडा) खेचला जाणार कसा? नवा सोलेनॉइड जरा कमी ताकदीतही ओढतो, म्हणून थोडे दिवस रोग झाकला गेला. उपाय म्हणजे चांगला स्विच, किंवा बॅटरीवरून फ्यूजसह वेगळी वायर आणि एक भक्कम रिले. इंदूरच्या छावणी भागातला कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन ‘भिया, रिले लगा दो’ म्हणून मोकळा झाला असता.

आता आजचे संभाषण. आपल्या प्रतिनिधीने पहिला प्रश्न विचारला, ‘सर, आप चाबी पूरी घुमाते हैं ना?’ हो म्हटले. त्यावर, ‘क्लच दबाकर?’ या मॉडेलला क्लचचा स्विचच नाही, असे सांगितल्यावर थोडी शांतता. मग ‘एक मिनट होल्ड’, आणि त्या मिनिटात आपल्या नव्या गाडीची जाहिरात. परत आल्यावर, ‘सर, गर्मी में ऐसा होता है.’ मी ५० नंबरचे व्होल्ट सांगितले. ‘सर, कौन-सी गाड़ी का नंबर?’ टर्मिनलचा नंबर, गाडीचा नव्हे, हे सांगितल्यावर उत्तर मिळाले की गाडी जुनी आहे, वॉरंटी लागू होत नाही, आणि एक्स्चेंज ऑफर सुरू आहे.

बिलावर सुट्या भागाची सहा महिन्यांची वॉरंटी छापली आहे. स्टार्टर नवा, वॉरंटी नवी आणि वय मात्र गाडीचे मोजायचे, हा हिशेब कोणी शिकवला? आणि भागात दोष नसेल तर आणखी बरे: मग निर्दोष भागाऐवजी निर्दोष भाग बसवून मजुरी घेतली, असे तेवढे लेखी द्या.

मागणी अशी: स्टार्टर असेंब्लीची आणि मजुरीची पूर्ण रक्कम परत. माझा जुना स्टार्टर परत. तो माझ्या मालकीचा आहे आणि तो न विचारता ठेवून घेतला, हे दुसऱ्यांदा लिहितो, कारण फोनवर कोणी ऐकलेच नाही. इग्निशन स्विच बदलून गरम इंजिनावर ५० नंबरचे व्होल्ट मोजावेत आणि तो आकडा जॉब कार्डवर सहीसह लिहावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली इंदूरच्या जिल्हा आयोगात अर्ज जाईल. तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, तेव्हा मला घाई नाही. याच कंपनीची गाडी इतकी वर्षे अभिमानाने चालवली, याचे आज वाईट वाटते.

उत्तर कागदावर द्यावे. फोन करू नये.

एक ग्राहक, इंदूर