नाव डून गावचं, माल दुसऱ्याच पिस्तुलाचा

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'स्कॉटिश हायलँड पिस्तूल, 18 वे शतक' या नावाने विकलेली प्रतिकृती जाहिरातीप्रमाणे नसल्याबद्दल आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबद्दल.

महोदय / महोदया,

मी तुमचं जुनं गिऱ्हाईक आहे. गेल्या सहा वर्षांत जुन्या पिस्तुलांच्या, ही धरून, पाच प्रतिकृती तुमच्याकडून घेतल्या आणि याआधी एकदाही तक्रार केली नाही. एकीचा घोडा सैल निघाला होता, तो मी घरीच कानस लावून बसवला. तेवढ्यासाठी कुणी पत्र लिहीत नाही. या वेळची चूक मात्र कानशीने निघणारी नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. कृपा करून शेवटपर्यंत वाचावं.

मी 31 वर्षं कोल्हापुरात उद्यमनगरमध्ये पॅटर्नमेकर होतो. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी लाकडाचा पॅटर्न लागतो. तो वाळूत दाबून साचा होतो आणि साच्यात माल पडतो. पॅटर्नवर नखाएवढा ओरखडा राहिला तर तो प्रत्येक कास्टिंगवर उठतो. पहिल्यावर उठतो तसाच हजाराव्यावर. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे याच गोष्टीवर सगळं येणार आहे.

पिस्तुलांचा नाद लहानपणापासूनचा. वडील रविवारी न्यू पॅलेसच्या संग्रहालयात घेऊन जायचे. बाकीची मुलं वाघाजवळ थांबायची, मी बंदुकांच्या कपाटाला नाक लावून उभा असायचो. खरं जुनं हत्यार घेणं माझ्या ऐपतीबाहेरचं आणि त्यामागचे कागदपत्रही मला झेपणारे नाहीत. म्हणून निवृत्त झाल्यावर न चालणाऱ्या प्रतिकृती जमवायला लागलो. आज अकरा आहेत. शेजारची शाळेतली पोरं येतात, त्यांना मी एकेक काढून दाखवतो. घोड्याच्या जबड्यात गारगोटी कशी धरलेली असते, चाप ओढला की ती पोलादी पट्टीवर कशी घासते, ठिणगी रंजकाच्या, म्हणजे पेटवायच्या बारीक दारूच्या, वाटीत पडून कानावाटे, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकावाटे, आग नळीतल्या दारूला कशी लागते. पुस्तकातलं चित्र बघून हे डोक्यात शिरत नाही, हातात धरलं की एका मिनिटात कळतं. म्हणूनच प्रतिकृती बरोबर असावी लागते. चुकीची असली तर मी त्या पोरांना चुकीचं शिकवतो.

आता मूळ मुद्दा. स्कॉटलंडच्या हायलँड भागातलं पिस्तूल मला कैक वर्षं हवं होतं. पर्थशायरमधल्या डून नावाच्या छोट्या गावात 1646 साली थॉमस कॅडेल नावाच्या कारागिराने हे काम सुरू केलं आणि पुढे त्या गावाचं नावच पिस्तुलांसाठी झालं. त्यांचं वैशिष्ट्य असं की दस्त्यालासुद्धा लाकूड नाही, नळीपासून मुठीपर्यंत सगळं धातूचं. मुठीचं टोक मेंढ्याच्या शिंगांसारखं दोन्हीकडे वळलेलं. चाप म्हणजे एक गोल गुंडी आणि तिच्याभोवती ट्रिगर गार्ड, म्हणजे चापाला संरक्षण देणारी कमान, नाहीच. दोन शिंगांच्या मधोमध आणखी एक बारकी गुंडी असते. ती फिरवली की आतून सुई बाहेर येते. चार बार झाले की काजळीने कान बुजतो, तो मोकळा करायची ही सुई. हत्यार साफ करायचं साधन हत्याराच्याच मुठीत! पॅटर्नमेकर म्हणून मला या डोक्याचं फार कौतुक वाटतं. 1746 च्या कलोडनच्या लढाईत हायलँडच्या बंडखोरांचा पराभव झाल्यावर सरकारने हायलँडच्या लोकांची हत्यारं काढून घेतली आणि ते शतक संपेपर्यंत डूनचं काम जवळजवळ बंद पडलं. म्हणून खरे नग दुर्मिळ.

आपल्याकडच्या इतिहासाशीही त्या मुलखाचा संबंध आहे. 1803 साली असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीने ज्या पलटणी उभ्या केल्या, त्यांत 74 वी आणि 78 वी या हायलँडर पलटणी होत्या. त्या शिपायांच्या कमरेला डूनची पिस्तुलं होती असं माझं म्हणणं नाही. पण ज्या डोंगरांतून ती माणसं आली, तिथलं हत्यार आपल्या कपाटात असावं असं वाटत होतं.

तुमच्या जाहिरातीतला फोटो अगदी बरोबर होता. शिंगं, गुंडीचा चाप, गार्ड नाही. खाली लिहिलं होतं : 'संपूर्ण पोलादी, सुई निघणारी, मूळ नमुन्यावरून तंतोतंत'. वजन 1 किलो 100 ग्रॅम, किंमत 6,850 रुपये. मी त्याच रात्री पैसे भरले. खंडेनवमीच्या आत मिळावं एवढीच विनंती केली होती आणि माल वेळेत आला, हे मान्य करतो. कोल्हापुरात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि आम्हा कारखान्याच्या माणसांची हत्यारं म्हणजे पटाशी, रंधा, कर्कटक. त्यांच्या शेजारी मी ही पिस्तुलंही मांडतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी खोकं उघडलं. पहिल्यांदा वजनच खटकलं. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं : 640 ग्रॅम. घरी लोहचुंबक लावून बघितला, कुठेच चिकटेना. पोलाद असतं तर चिकटलं असतं. हे जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम आहे, वरून चंदेरी मुलामा दिलेला. प्रतिकृतीला जस्त वापरणं वावगं नाही, माझ्याकडची बाकीचीही तशीच आहेत. पण मग जाहिरातीत पोलाद लिहायचं नाही. मुठीची शिंगं तर धातूचीही नाहीत. ती रेझिनची आहेत, आणि जोडाची रेघ रंगाखाली स्पष्ट दिसते.

सुईची गुंडी फिरवायला गेलो, ती फिरेना. आधी वाटलं घट्ट बसली असेल. भिंगातून पाहिलं तर आटे नाहीत, फट नाही, काहीच नाही. शिंगांबरोबर एकाच साच्यातून काढलेला नुसता उंचवटा आहे तो.

हे सगळंही मी एक वेळ पोटात घातलं असतं. पण पिस्तूल उलटं केलं आणि चापाच्या खाली हात थांबला. तिथे ट्रिगर गार्ड होता. डूनच्या पिस्तुलाला ट्रिगर गार्ड! पितळी, चंदेरी रंग फासलेला, दोन स्क्रूंनी बसवलेला. मग घोड्याखालची पट्टी उजेडात धरली, तर तिच्यावर मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह. हा सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा आहे. कंपनी 1808 पर्यंत आपल्या हत्यारांवर बदामाच्या आकाराचा शिक्का मारायची, त्यानंतर हा सिंह आला. म्हणजे 18 व्या शतकातल्या स्कॉटिश पिस्तुलावर 1808 नंतरचा कंपनी सरकारचा सिंह बसवून तुम्ही मला पाठवलात.

असं कसं झालं, हे मला शोधावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडूनच ईस्ट इंडिया कंपनीचं घोडेस्वाराचं पिस्तूल घेतलं होतं. ते कपाटातून काढलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. सिंहाच्या शेपटीखाली एक तिरका ओरखडा आहे, साधारण तीन मिलिमीटरचा, टोकाला किंचित वाकलेला. दोन्ही पट्ट्यांवर तोच, त्याच जागी, त्याच वाकाचा. कर्कटकाने मोजून पाहिलं, केसभर फरक नाही. गार्डच्या मागच्या टोकाला एक बारीक ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवेमुळे पडलेलं भोक, भरून काढल्याची खूण आहे, तीही दोन्हींवर. पॅटर्न एकच आहे, साहेब. तुमच्या कारखान्यात जुन्या पिस्तुलाचे लॉक (घोडा आणि त्याखालची पट्टी) आणि गार्ड शिल्लक होते, ते या नळीला जोडले, रेझिनची शिंगं चिकटवली आणि वर हायलँडचं नाव लावलं. असं पिस्तूल जगात कुठल्याच काळात, कुठल्याच गावात झालेलं नाही.

'नमुन्यांत थोडा फरक असतोच' हे उत्तर मला देऊ नये. हायलँड पलटणींसाठी बर्मिंगहॅममध्येही स्वस्तातली पिस्तुलं तयार झाली, हे मला माहीत आहे. त्यांनाही गार्ड नव्हता.

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी तुमच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलाने ऐकून घेतलं, तो उद्धट नव्हता, त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पण तो म्हणाला, 'काका, ही शोभेची वस्तू आहे, एवढं बारीक कोण बघतं?' मी बघतो. माझ्यासारखे गावोगावी आहेत, ते बघतात. ज्याला बघायचं नाही तो तुमच्याकडे 6,850 रुपये देऊन येतच नाही, तो जत्रेतली बंदूक घेतो. नंतर मेल आला की खोकं उघडलेलं असल्याने माल परत घेता येणार नाही, त्याऐवजी पुढच्या खरेदीवर 500 रुपयांची सूट. खोकं उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसं? त्या मेलला मी दोनदा उत्तर दिलं. तीन आठवडे झाले, पोचसुद्धा नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. वस्तू जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर ती परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्यातच आहे. तुमच्या अटींत काहीही छापलेलं असलं तरी.

आणखी एक गोष्ट, आणि ती माझ्या एकट्यापुरती नाही. तुमच्या बिलावर 'पिस्तूल, 1 नग' एवढंच आहे. 'प्रतिकृती' हा शब्द नाही, 'न चालणारी' हा शब्द नाही. खोक्यावर बाहेरून मोठ्या अक्षरात 'पिस्तूल' लिहिलेलं होतं. कुरिअरचा पोरगा दारात दोन मिनिटं घुटमळला, मग त्याने दबक्या आवाजात विचारलं, 'काका, हे काय आहे?' त्याला मी खोकं उघडून दाखवलं, तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला. वाटेत कुणी पोलिसाने अडवलं असतं तर त्या पोराकडे दाखवायला काय होतं? आधीच्या चारही बिलांवर तुम्ही 'शोभेची न चालणारी प्रतिकृती' असं स्पष्ट लिहीत होता. ते का बंद झालं?

माझं मागणं असं आहे. पूर्ण 6,850 रुपये माझ्या खात्यावर परत करावेत आणि माल तुमच्या खर्चाने उचलावा. सूट किंवा बदली नग नको, कारण त्याच साच्यातला दुसराही तसाच असणार. संकेतस्थळावरून 'पोलादी', 'सुई निघणारी' आणि 'तंतोतंत' हे शब्द काढावेत, नाहीतर हा नग विकणंच थांबवावं. आणि बिलावर, खोक्यावर 'न चालणारी प्रतिकृती' लिहायला पुन्हा सुरुवात करावी.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक राहतो तिथल्या आयोगात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, त्यामुळे मला कुठेही लांब जावं लागणार नाही. पण तशी वेळ येऊ नये असंच मला वाटतं. तुमच्याकडची आधीची पिस्तुलं चांगली आहेत, त्यांवर कुणीतरी मन लावून काम केलेलं दिसतं. ती माणसं अजून कारखान्यात असतील तर हे पत्र त्यांनाही वाचायला द्यावं. हायलँड पिस्तूल खरोखर नीट करायचं मनात असेल, तर त्याचा पॅटर्न मी स्वतः लाकडात घडवून देईन, पैसे नकोत. शिंगं, गुंडीचा चाप, निघणारी सुई, सगळं मापात.

खंडेनवमीला पाटावर माझी दहाच पिस्तुलं मांडली होती. हे अकरावं तेव्हापासून मूळ खोक्यातच आहे, शिंगांना कागद गुंडाळून ठेवला आहे, स्क्रूही काढलेला नाही. दोन्ही पट्ट्यांचे शेजारी शेजारी काढलेले फोटो, काट्यावरच्या वजनाचा फोटो आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. माल न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करावा, सकाळी अकरापर्यंत मी घरी असतो.

कळावे,

आपला एक जुना ग्राहक
शिवाजी पेठ, कोल्हापूर